सोमवारचं पित्त

ऋजुता वाटी हुंगत होती.

मी ओट्याशी पडवळ चिरत होते. माझी सून कॉलेजातून आलेली, खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवलेली नाही, आणि माझ्याकडे पाठ करून पोराची जेवणाची वाटी नाकाला लावून उभी. आधी वाटी, मग चमचा. मग ते खाली खिसा असलेलं लाळेरं उचललं आणि तेही हुंगलं.

"कसला वास येतोय?" मी विचारलं.

"कसलाच नाही, आई. सहज."

सहज कोणी वाटी हुंगत नाही. मी काही कालची जन्मलेली नव्हते. ती तुपाचा वास शोधत होती आणि तो माझ्या हाताला येतो का, हेही तिला बघायचं होतं. पण सासूचा हात हुंगायचा कसा, एवढंच तिला कळत नव्हतं. मी पडवळाचे हात तसेच तिच्या नाकापुढे धरले.

"घे. बघ."

तिचं तोंड एवढंसं झालं. पोराला कडेवर घेऊन ती खोलीत गेली आणि दार लावलं. हळूच लावलं, पण लावलं.

पोर म्हणजे आमचा ओजस, माझा पहिला नातू. आम्ही रत्नागिरीत मारुती मंदिरच्या मागे राहायचो, अजूनही तिथेच आहोत. मुलगा आशुतोष बोटीवर, सहा-सहा महिने पाण्यातच. घरात मी, हे, ऋजुता आणि ओजू. ऋजुता कॉलेजात शिकवायची. बाळंतपणाची रजा संपली तशी सकाळची तिची पाठ फिरली की पोर माझ्या ताब्यात. आणि मला दुसरं काही नकोच होतं. निवृत्त झालेल्या माणसाच्या बायकोला दिवसभर नवऱ्याचं तोंड बघण्यापेक्षा नातू बरा की नाही?

तर उष्टावण झालं सहाव्या महिन्यात. ऋजुताचा भाऊ कोल्हापूरहून आला, मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या चमच्याने खीर चाटवली. पोराने मिटक्या मारल्या, सगळे हसले. पंगत उठते न उठते तोच त्याचा ओठ सुजला, पोटावर लाल गांधी उठल्या. मी म्हटलं पित्त उठलंय, आणि आमसुलाचं पाणी लावलं. आमच्याकडे तेच करतात. ऋजुताने मात्र त्याला उचललं आणि थेट डॉक्टर खातूंकडे नेलं. मीही गेले, हेही आले.

खातूबाईंनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "गाईचं दूध याला सोसत नाहीये. दूध, दही, ताक, लोणी, तूप, काही द्यायचं नाही. थेंबभरसुद्धा नाही. आज अंगावर उठलंय. एखाद्या वेळी घसा सुजला तर श्वास अडेल. घरात सगळ्यांना सांगून ठेवा."

सगळे तिथेच होतो. सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर ऋजुताने पोराच्या जेवणाचा कारभारच वेगळा केला. चांदीची वाटी कपाटात गेली. पांढऱ्या पायांची उंच खुर्ची आली, पुढे फळी असलेली. मऊ रबरासारखा चमचा आला. आणि ती वाटी, जिच्या बुडाला फळीला घट्ट चिकटणारी रबरी चकती असते, म्हणजे पोराने कितीही ओढली तरी उलटत नाही. पहिल्या दिवशी तर ती मलाच निघेना. मी फळीला एक हात लावून ओढतेय, ओजू समोर बसून खिदळतोय. मला ते रबर आवडलं नाही, खोटं कशाला बोलू. गरम नाचणी त्यात ओतली की एक वास यायचा. पण मी नाव ठेवलं नाही. सून म्हणेल तसं. बिनदुधाची नाचणी, मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी, एवढंच. वरणभातावर तूप नाही, हे माझ्या हाताला किती जड गेलं ते मलाच माहीत. पण मी घातलं नाही.

आणि तरीही उठलं.

सोमवार होता. अकराच्या सुमाराला मी नाचणी भरवायला घेतली. चार चमचे गेले असतील, तर मानेवर गांध. खातूबाईंनी देऊन ठेवलेलं औषध पाजलं, उतरलं. संध्याकाळी ऋजुताला सांगितलं तर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. पुढल्या सोमवारी परत. त्यानंतर ती वाट्या हुंगायला लागली.

मग माझंही डोकं फिरलं. मी दिलेलं नाही, तर मग यात आहे काय? नाचणीचं सत्त्व यायचं विहीणबाईंकडून, कोल्हापूरहून, घरी केलेलं. दर रविवारी ऋजुता डबा भरायची. म्हणजे सोमवारी पोराला ताजं सत्त्व. मी मनात म्हटलं, बरोबर. लावला फोन.

"विहीणबाई, सत्त्वात दुधाची पावडर नाही ना घालत तुम्ही? चवीला?"

पलीकडून थंड आवाजात, "मी माझ्या नातवाला विष घालेन का हो, मालतीबाई?"

"विष कोण म्हणतंय? मी पावडर म्हटलं."

"ऋजुताला द्या फोन."

दिला. पाठ फिरवून ती बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मी पोळ्या लाटत होते आणि एकही गोल होत नव्हती.

रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"रविवारी मी घरी असते, तेव्हा काही होत नाही. सोमवारी कॉलेजला गेले की होतं. दर वेळी."

"मग मंगळवारी, बुधवारीही तू जातेसच की."

"हो. पण सोमवारी. रविवारी दिवसभर तुम्हाला हात लावता येत नाही, म्हणून..." ती थांबली.

"म्हणून सोमवारी मी तूप चोपडते. असंच ना?"

"मी असं म्हटलं नाही."

"दुसरं काय म्हटलंस?"

हे समोर बसून भात कालवत होते. सदतीस वर्षं संसार केलेला माणूस. दोन बायका भांडताना जिवाला तोशीस नको म्हणून हे नेहमीच ताटात बघतात, त्यात नवं काही नव्हतं. तरी मला वाटलं, आता तरी म्हणतील की अगं, ती तसं करणार नाही. यांनी ताक मागितलं.

त्याच रात्री मी निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशी तुपाची बरणी, भरलेली, शेजारच्या सामंतांकडे नेऊन दिली. दही लावायचं बंद केलं. दूध फक्त चहापुरतं, तेही वरच्या फडताळावर. ऋजुताला म्हटलं, ये, बघ, डबे उघड. तिने खरंच उघडले. मला राग आला, पण मी तिच्या मागे उभी राहून उघडू दिले. हे आठवडाभर कोरडा भात खात कुरकुरले. मी म्हटलं, खा. माझी अब्रू चाललीय.

आणि सोमवारी पोराच्या कानामागे गांधी उठल्या. या वेळी पापणीही सुजली.

ऋजुता आली, तिने बघितलं, आणि मला वाटलं होतं तशी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "आई, मी वर्षभर बिनपगारी रजा टाकतेय. ओजूला घेऊन कोल्हापूरला जाते. पुढच्या बुधवारी दादा न्यायला येतोय."

"माझ्यावर विश्वास नाही म्हणून?"

"मला माझं पोर जिवंत हवंय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "कोण खरं, कोण खोटं, ते मला आता नकोच आहे."

मला तिचा राग आला होता, हे खरं. पण त्याहून जास्त भीती वाटत होती. पोर जाणार, घर रिकामं होणार, आणि जन्मभर ही समजणार की सासूने तुपाच्या हौसेपायी नातवाचा जीव टांगणीला लावला. आशुतोषलाही तेच कळणार. तो बोटीवरून फोन करील आणि आवाजात तेच असेल.

आता एकच सोमवार उरला होता. मी ठरवलं, या सोमवारी पोराला काहीही द्यायचं नाही. नाचणी नाही, भात नाही, पाण्याचा थेंब नाही. जाताना ऋजुता अंगावर पाजून जाते, तेवढ्यावर अकरापर्यंत तो सहज निघतो. काही उठलं नाही, तर सत्त्वात खोट आहे हे सिद्ध. मग बघते विहीणबाईंना. आणि उठलं, तर निदान माझ्या हातचं नाही हे मला तरी कळेल. ऋजुताला मी यातलं काही बोलले नाही. बोलून उपयोग नव्हता, तिने त्यातही काही शोधलं असतं.

सोमवारी ती गेली. मी वाटी धुऊन पालथी घातली, ती खुर्ची भिंतीला सरकवून ठेवली. ओजूला नेहमीसारखं यांच्याजवळ देवघरात सोडलं. यांची पूजा म्हणजे तासाभराचं काम, आणि घंटा वाजली की पोर खूश. हे मांडीवर घेऊन बसायचे, तेवढ्यात माझी भाजी-आमटी उरकायची. घरात काम असं यांनी कधी केलं नाही, पोर सांभाळायचे हेच नवल. मला त्याचं केवढं कौतुक. सामंतांच्या सुनेलाही मी सांगायचे.

आमटीला फोडणी दिली आणि त्याला आणायला गेले. घंटेचा आवाज थांबला होता.

ओजू यांच्या मांडीवर बसून हाताने तोंड चोळत होता. एका गालावर लाल गांध. हनुवटीवर पांढरा थेंब.

मी खाली बसले आणि तो थेंब बोटाने पुसून नाकाशी नेला. मधाचा वास आला. मध आणि आंबट दही.

"अहो, काय दिलंत याला?"

"कुठे काय?"

"हनुवटीला काय लागलंय हे?"

"ते होय," हे म्हणाले. "तीर्थ. सोमवारचं."

सोमवारी यांचा पिंडीवर पंचामृताचा अभिषेक असतो. दूध, दही, तूप, मध, साखर. त्या पाचही वाट्या सकाळी मांडून ठेवायचं काम माझं. लग्न झाल्यापासून माझं. आदल्या दिवशी देवापुरतं वाटीभर दही लावते, तेही मीच. त्या दिवशीही मांडल्या होत्या. घरातलं तूप बाहेर काढलं, दही बंद केलं असं मी छातीठोक सांगत होते, आणि देवघरातली तुपाची बुधली माझ्या डोळ्यांसमोर होती. देवाचं ते देवाचं. ते खाण्यात धरायचं असतं, हे ना मला सुचलं, ना डबे उघडणाऱ्या ऋजुताला. इतर दिवशीच्या तीर्थात पाणी आणि तुळशीचं पान, म्हणून इतर दिवशी पोराला काही नाही.

मला हे सगळं एका दमात कळलं आणि तेवढ्यात ओजू खोकला. खोकला घोगरा होता. ओठ डोळ्यांदेखत फुगत होता.

मी त्याला उचललं आणि तशीच निघाले, गॅस बंद केला की नाही तेही आठवत नव्हतं. हे सोवळ्यातच मागे धावले. नाक्यावर रिक्षा मिळाली. सबंध वाटेत पोराचा श्वास घरघरत होता आणि मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर ते निघेना.

खातूबाईंनी बघता क्षणी सिस्टरला हाक मारली. "काय खाल्लं याने?"

मी यांच्याकडे बघितलं. म्हटलं, सांगतील. हे छातीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "काही नाही, डॉक्टर. आज तर हिने त्याला जेवूही घातलं नाही."

"पंचामृत," मी म्हटलं. "दूध, दही, तूप, मध. पळीभर तरी असेल."

मांडीत इंजेक्शन दिलं. पोर ओरडलं. तो ओरडा ऐकून मी तिथल्या स्टुलावर बसले, कारण ओरडायला श्वास लागतो. थोड्या वेळाने घरघर कमी झाली, ओठ उतरायला लागला. खातूबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे. आणि आजी, मधसुद्धा वर्षाच्या आत देत नाहीत. कोणी दिलं हे?"

मी उत्तर द्यायच्या आत ऋजुता आत आली. सिस्टरने तिला फोन केला होता. केस सुटलेले, चपलेचा पट्टा तुटलेला. तिने पोराला बघितलं, त्याच्या छातीवर हात ठेवला, श्वास चालतोय याची खात्री केली. मग माझ्याकडे वळली.

"आई, काय दिलंत?"

माझ्या मनात आलं, घ्यावं अंगावर. यांचं वय, यांचा देवधर्म, गावात यांना असलेला मान. चार लोकांत मी यांना कधी खोटं पाडलेलं नव्हतं. हे भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे बघत होते. जणू आमच्याबरोबर आलेलेच नव्हते.

"मी नाही दिलं," मी म्हटलं. "यांनी दिलं. दर सोमवारी देत होते. अभिषेकाचं तीर्थ."

ऋजुता यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा? पण मी तुम्हाला विचारलं होतं."

"तू विचारलंस काही खायला दिलं का," हे म्हणाले. "तीर्थ म्हणजे काय खाणं आहे?"

"पण तुम्हीच तर मला म्हणालात की..." आणि ती गप्प झाली. माझ्याकडे बघून गप्प झाली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"जाऊ द्या, आई."

"ऋजुता, काय म्हणाले हे?"

तिने पोराच्या पायातला मोजा नीट केला. मग मान खाली घालूनच म्हणाली, "दुसऱ्या वेळी उठलं तेव्हा मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, तिला विचार. तिचा हात राहत नाही. तूप घालत असणार आणि सांगत नसणार. आशुतोषच्या वेळीही ऐकायची नाही, म्हणाले. मी म्हणून वाट्या बघायला लागले, आई. माझ्या मनात स्वतःहून तुमच्याबद्दल असं कधी आलं नसतं."

मला तुपाच्या बरणीची आठवण झाली, पोळ्यांची झाली, माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याच सुनेने उघडलेल्या डब्यांची झाली. कोरडा भात खाताना हे मला म्हणाले होते, कशाला एवढं मनाला लावून घेतेस.

"तुम्ही सांगितलंत हिला, मी घालते म्हणून?"

यांना खरोखरच माझा प्रश्न कळला नाही. तोंडावर लबाडी नव्हती, शपथेवर सांगते. असती तर मी भांडले तरी असते. उलट मी काहीतरी अजब विचारत्येय अशा नजरेने यांनी माझ्याकडे बघितलं.

"मग दुसरं कोण असणार होतं?" हे म्हणाले. "तीर्थाने कधी कुणाला काही होतं का?"

संध्याकाळी पोराला घरी आणलं. ऋजुताने माझी माफी वगैरे मागितली नाही, मला नकोच होती. तिने कोल्हापूरला फोन लावला आणि माझ्यासमोर म्हणाली, "दादा, येऊ नकोस. ओजू इथेच राहील, आईंजवळ." मग मला म्हणाली, "उद्या माझे लागोपाठ तीन तास आहेत. दुधी उकडून द्याल त्याला?" मी म्हटलं देईन. तिने त्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि कपडे बदलायला गेली. दार उघडंच होतं.

यांनी पोराला परत तीर्थ दिलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं नाही, पण चूक झाली हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. ओजू आता चौथीत आहे. दूध त्याला हळूहळू सोसायला लागलं, वरणभातावर तुपाची धार असते आणि ती मीच घालते.

त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून हे नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात आले. एका हातात पंचपात्र, एका हातात भरलेली पळी. मी अंघोळ करून यांच्या हातचं तीर्थ घेतल्याशिवाय कधी चहा घेतलेला नाही. सवयीने माझा ओला हात पदराला पुसला गेला, तळवा पुढे झाला. मग मी तो मागे घेतला.

"काय गो, काय झालं?" यांनी विचारलं.

"ठेवा तिथे ओट्यावर," मी म्हटलं. "माझं मी घेईन."

यांनी पंचपात्र ओट्यावर ठेवलं आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेर गेले. मी पळी उचलली, तीर्थ घेतलं, हात डोळ्यांना लावला. देवाशी माझं काही भांडण नव्हतं. त्या दिवसापासून आजतागायत माझं मीच घेते.